सुतारमामांचं गार हृदय

"ताई, बंद करताय ते ठीक, पण चालू करायला विसरू नका हं," काल सुतारमामा हसत म्हणाले. शेजारी बसलेल्या मामी काही हसल्या नाहीत. "नाही विसरत," मी त्यांच्याकडे बघून म्हटलं.

बायपासच्या वेळी हृदय थांबवतात. तेवढा वेळ शरीराला रक्त पुरवणारं यंत्र मी चालवते. हृदयाला स्वतःला मात्र तेव्हा रक्त मिळत नाही, म्हणून ते गार ठेवायचं. दर वीस मिनिटांनी आतून थंड द्रावण, वरून बर्फाचा चुरा. गार स्नायू उपाशी तग धरतो, कोमट झाला की मरायला लागतो. इतकं सोपं आहे, पण आमचे सर्जनसाहेब टाके घालायला लागले की त्यांना घड्याळाचं वावडं.

"वीस मिनिटं झाली, सर."

"दोन टाके राहिलेत. आता द्रावण सोडलंस तर मला काही दिसायचं नाही. तापमान किती?"

स्नायूत खुपसलेल्या सुईचा आकडा माझ्यासमोर होता. "आठ."

"मग कशाला डोकं खातेस?"

मघाशी चौदा होतं. द्रावण न देता स्नायू आणखी गार कसा होईल? पाच वर्षांपूर्वी असाच छान आकडा बघून मी मूग गिळून बसले होते. त्या बाईंचं हृदय पुन्हा धड चाललंच नाही. मी पडद्याकडे पाहिलं. थांबलेल्या हृदयाच्या सरळ रेषेला बारीक थरथर सुटली होती, म्हणजे ते कोमट होत होतं.

"सर, थांबा. सुई स्नायूत नाही, बर्फात आहे."

"तिथून दिसतं तुला?"

"नाही दिसत. पण तुम्ही बघेपर्यंत मी गप्प बसणार नाही."

साहेबांनी धुसफुसत चुरा बाजूला सारला. सुई त्यातच आरामात पडली होती. त्यांनी ती परत स्नायूत खुपसली. आकडा भराभर चढला. बावीस.

"सोड," ते हळूच म्हणाले.

मी द्रावण सोडलं. रेषा सरळ झाली, आकडा बारावर आला. नंतर दर वीस मिनिटांनी साहेबच विचारत होते, "वेळ झाली का गं?"

शेवटी धमनीवर लावलेला चिमटा सोडवून हृदयाला रक्त सोडलं. एक मिनिट काहीच नाही. मग एक ठोका पडला, मग दुसरा, मग ते चालतच राहिलं.

बाहेर मामी दाराशीच उभ्या होत्या. "केलंत का चालू?"

"केलं," मी म्हटलं, आणि त्यांच्याआधी मलाच रडू फुटलं.