उशिरा येणारी होडी

झाराने ओलं फडकं पिळून फळ्यावरचं कालचं वाक्य पुसलं. खडूचं पांढरं पाणी ओघळत खाली आलं, तसं कडेवरच्या लेकीने, लायबाने, त्यात बोट बुडवलं आणि स्वतःच्याच गालावर ओढलं.

मिरकरवाड्यावरून धुकं अजून उठलं नव्हतं. बंदरातल्या होड्यांच्या नुसत्या काठ्या दिसत होत्या. खालचं सगळं कुणीतरी असंच फडक्याने पुसून टाकल्यासारखं. वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून झाराने हातातली यादी पाहिली. कादंबरीकार आडिवरेकरांचं जन्मशताब्दी वर्ष. समुद्रावर आणि समुद्राकाठच्या माणसांवर त्यांनी अकरा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतलं रोज एक वाक्य बाहेरच्या फळ्यावर लिहायचं, तारीखवार, असं ग्रंथपाल रावजीकाकांनी ठरवून दिलं होतं. वाचायला थांबणारे थोडेच. ऐकणारी मात्र एक होती. रस्त्यापलीकडे मासळीची टोपली घेऊन बसणारी काशीमावशी. तिला अक्षर येत नव्हतं, पण मत रोज असायचं.

‘किनाऱ्यावरचा माणूस लाटा मोजतो, होडीतला माणूस माणसं मोजतो,’ हे ऐकून ती म्हणाली होती, “बरा हाय ह्यो. कधीतरी होडीत बसला असंल.”

आणि काल, ‘ज्याला पोहता येतं त्याला समुद्राची भीती कमी, ज्याला समुद्र कळतो त्याला जास्त,’ यावर पदर तोंडाला लावून हसली होती. “पोहायला येतंय कुणाला? माझ्या लेकाला, लवूला तरी कुठं येतं!”

झाराने खडू घेतला. आजचं वाक्य लांब होतं, दोन ओळींत बसलं.

‘समुद्र माणसाला ओळखत नाही.
वाट पाहणाऱ्यांना तर त्याने कधी पाहिलेलंही नसतं.’

खाली आडवी रेघ आणि आडिवरेकरांचं नाव लिहून ती वळली. काशीमावशीची टोपली उपडी होती.

“मावशी, आज मासळी नाही?”

“लवूची होडी परवा सांजच्याला यायची व्हती.” काशीने टोपलीवरचा नसलेला खवला नखाने खरवडला. “वारा फिरला ना. फोन लागत नाय.” मग तिने फळ्याकडे हनुवटी केली. “वाच गो. काय म्हणतोय तुझा आडिवरेकर?”

झाराने फळ्याकडे पाहिलं. लायबा तिची ओढणी चावत होती. ती त्या ओलसर मुठीतून ओढणी सोडवत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“उशिरा येणारी होडी येणारीच असते,” ती म्हणाली.

धुक्यात कुठेतरी एक इंजिन सुरू झालं, थोडं चाललं आणि बंद पडलं.

“येवढंच?”

“एवढंच.”

“दोन ओळी लिवल्यायस. बोललीस ती एक.”

झाराच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“लिवलंयस ते पूस,” काशी म्हणाली. “बोललीस ते लिव.”

तिने पुसलं. तिने लिहिलं. शेवटच्या शब्दापाशी खडू थांबला. मग हाताने सवयीने रेघ ओढली आणि आडिवरेकरांचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी ती फडकं भिजवायला गेली, तर रस्त्यापलीकडून आवाज आला. “हात लावू नको. लवू येईपातूर ऱ्हाऊदे.”

दहा वाजता रावजीकाका आले. छत्री कोपऱ्यात उभी करून चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “झारा, बाहेरचं वाक्य कालचंच आहे?”

“हो काका.”

“यादीत नाही ते. कुठल्या कादंबरीतलं?”

“बघते.”

“मी अकराच्या अकरा वाचल्यात.” त्यांनी चष्मा लावला आणि खिडकीतून पलीकडे पाहिलं. उपडी टोपली, शेजारी गुडघे पोटाशी घेतलेली काशी. “मग बाराव्या कादंबरीतलं असेल,” ते म्हणाले आणि वर्तमानपत्रांच्या घड्या करू लागले.

खारी हवा खडूला टिकू देत नाही. सकाळपर्यंत फळा राखेसारखा होतो. पण तिसऱ्या दिवशीही अक्षरं पांढरीशुभ्र होती. रावजीकाकांचंच काम, झाराला वाटलं. तिने विचारलं नाही.

चौथ्या सकाळी ती वळणावर दिसताच काशी रस्ता ओलांडून आली. लायबाचे दोन्ही पाय हातांत धरून तिने कपाळाला लावले.

“हर्णै बंदराला लागलीय होडी. इंजिन बिघडलंतं. दुसऱ्या होडीवाल्यांनी ओढत आणली. मेला फोनवर पयलं काय इचारतो, तर जेवलीस काय!” ती हसत होती, आणि नाकही पुसत होती. “आता पूस गो. नवीन लिव.”

झाराने फडकं पिळलं आणि फळ्याजवळ गेली. इतक्या जवळून तिने लिहिल्यापासून पाहिलंच नव्हतं. प्रत्येक अक्षर पुन्हा गिरवलेलं होतं. काही रेघा खालून वर गेल्या होत्या. एक वेलांटी दोनदा काढलेली, होडीच्या शिडासारखी फुगलेली. तिने काशीच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं पांढरी होती.

झाराने फडकं बादलीत सोडलं.

“आज तुम्ही वाचा, मावशी.”

“चल! चेष्टा करतेस म्हातारीची.” पण ती पुढे झाली. पहिल्या अक्षराखाली तिने बोट ठेवलं. मग सावकाश, एकेका शब्दापाशी थांबत, ते बोट होडीवरून पुढे सरकत गेलं आणि शेवटपर्यंत पोचलं. श्वास सोडत तिने ते खाली आणलं, जिथे न गिरवलेल्या नावाचा एक धुरकट डाग उरला होता.

“आणि हितं खाली काय व्हतं गो?”

झाराने लायबाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“काही नाही, मावशी.”