टाकीजवळची घोडी

ओरोझालीने भिंग डोळ्याला लावून रायफलीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खिळा, पुन्हा तपासली. नळी आणि माशीचे बूड यांवर मिळून छिन्नीने एकच बारीक रेघ मारलेली असते. माशी केसभर सरकली तरी ती रेघ तुटते. ही रेघ सलग होती. त्याने भिंग खाली ठेवले, पुसले, आणि गरज नसताना आणखी एकदा पुसले.

“हललीय ना?” सुयुनबायने विचारले. “घोड्यावरून उतरताना दगडावर आपटली होती. म्हणून तर तो घोटाळा झाला.”

“असेल, मेर्गेनदादा.”

म्हातारा बाकावर ताठ बसला होता, उंच पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवून. मेर्गेन म्हणजे अचूक नेमबाज. नारिन नदीच्या वरच्या सगळ्या खोऱ्यांत सुयुनबायला याच नावाने हाक मारत. सत्तरी उलटली तरी लांडगा खाली उतरला की माणसे त्याच्याच दारात येत. या महिन्यात अकरा मेंढ्या गेल्या होत्या. आणि मागच्या आठवड्यात, सकाळच्या कोवळ्या उजेडात, मेर्गेनने लांडगा समजून मारला तो एसेनकुल मेंढपाळाचा कुत्रा निघाला. एसेनकुल भांडला नाही. उलट, कुत्रा म्हाताराच झाला होता, असे तोच लोकांना सांगत फिरला. ओरोझालीला त्या चांगुलपणाचीच जास्त भीती वाटली होती. कारण कुत्रा मेला त्या मेंढ्यांच्या वाड्यावर एसेनकुल स्वतः मुक्कामाला असे. लांडग्यासारख्याच राखाडी रंगाचा कोट घालून.

दाराजवळ म्हाताऱ्याची सून बुरुल उभी होती. नवरा रशियात बांधकामावर गेल्यापासून डोंगरावर सासऱ्याच्या सोबतीला तीच जाई. हातदुर्बीण गळ्यात अडकवलेली, नजर जमिनीकडे.

सकाळी दोघे आत आले तेव्हा ओरोझालीने थट्टेने “शिराल्गा, मेर्गेनदादा!” अशी आरोळी ठोकली होती. डोंगरावरून परतणाऱ्या शिकाऱ्याला वाटेत जो कोणी हा शब्द म्हणेल, त्याला शिकारीतला वाटा द्यावा लागतो; नाही म्हणायची सोय नाही.

“रिकाम्या खोगिराला कसली शिराल्गा!” म्हातारा हसला होता. “पन्नास वर्षं ऐकतोय. आख्खी आख्खी रानबोकडं वाटेतच संपायची, घरी शिंगं घेऊन जायचो. माझ्या तोंडाला मात्र हा शब्द उच्चारायची वेळ कधी आली नाही.”

आता ओरोझालीने रायफलीवर बसवायच्या दोन दुर्बिणी फडक्यावर मांडल्या. एक आखूड, साधी, चौपट दाखवणारी. दुसरी लांबलचक, पुढे वाटीएवढे भिंग असलेली.

“ती मोठी,” म्हातारा म्हणाला.

“मोठी जड आहे, दादा. आणि चोवीस पट म्हणजे तुमचा श्वाससुद्धा चोवीस पट. लांडगा नेमाच्या फुलीवर ठरायचाच नाही. सकाळी धुकं असलं तर धुकंही मोठं दिसणार. शिवाय एवढं भिंग बसवायचं तर कड्या उंच घ्याव्या लागतात, मग गाल दस्त्याला टेकत नाही. ही लहान घ्या. बुटक्या कड्यांत, नळीला चिकटून बसेल.”

“तू दुकानदार आहेस की माझी आजी? गिऱ्हाईक महाग माल मागतंय, आणि हा म्हणतो, नको!”

“म्हणून तर माझं दुकान एवढंच राहिलं,” ओरोझाली म्हणाला.

बुरुल किंचित हसली आणि लगेच ओढणीची कड नीट करू लागली.

ओरोझालीने मोठी दुर्बीण शिकंज्यात धरून खिडकीतून पलीकडच्या टेकडीवर रोखली. नेम जुळवायला तो नेहमी तिथली पाण्याची पांढरी टाकी वापरी. चारशे पावलांवर. शेजारीच त्याच्या मेहुण्याचे घर.

“डोळ्याकडची ही कडी फिरवा. फुली स्वच्छ दिसली की थांबा.”

म्हातारा वाकला. कडी फिरली, आणखी फिरली, शेवटच्या आट्याला जाऊन अडली. त्याची बोटे तरी तिला पुढे रेटत राहिली. मग ती उलटीकडे निघाली आणि दुसऱ्या टोकाला अडली.

“झकास,” म्हातारा म्हणाला.

“काय काय दिसतंय?”

“काय दिसायचं? टाकी. आणि टाकीजवळ तुझ्या मेहुण्याची पांढरी घोडी.”

ओरोझालीने खिडकीबाहेर पाहिले नाही. पाहायची गरजच नव्हती. नऊ वर्षे ती घोडी टाकीजवळच्या खुंट्याला बांधलेली असे, आणि या दुकानात आलेल्या प्रत्येकाने ती पाहिली होती. गेल्या रविवारी मेहुण्याने सोगुमसाठी, म्हणजे हिवाळ्याच्या मांसाच्या बेगमीसाठी, ती कापली. ओरोझाली स्वतः जेवायला गेला होता.

“सूनबाई,” त्याने शक्य तितक्या सहज विचारले, “तुम्हालाही दिसतेय का?”

बुरुलने हातदुर्बीण वर केली. तिने जरा जास्तच वेळ पाहिले.

“हो,” ती म्हणाली. “आहे ना घोडी.”

म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली. ओरोझाली मात्र पेचकस शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता. परक्यासमोर सासऱ्याचा शब्द खोटा पाडणे तिच्याच्याने व्हायचे नाही, हे त्याला कळत होते. त्याच्याच्याने तरी कुठे होत होते? गेली तीस वर्षे त्याने पुस्तके वाचली, बंदुका दुरुस्त केल्या आणि कुणाला तोंडावर काही सांगायची वेळ टाळली. आताही कड्या आवळाव्यात, रायफल बांधून द्यावी आणि चहा पाजून निरोप द्यावा, असेच मनात आले. मग एसेनकुलचा राखाडी कोट डोळ्यांपुढे आला.

त्याने मोठी दुर्बीण बाजूला ठेवली आणि लहान दुर्बीण बुटक्या कड्यांत सैल बसवली.

“एकदा ही लावून बघू. नाही पटली तर मोठी आहेच. पण डोळ्यापासूनचं अंतर ठरवायला मला दोन्ही हात मोकळे लागतात. सूनबाई, जरा रायफल खांद्याला लावता?”

साधारणपणे रायफल मालकच धरतो. तिघांनाही हे ठाऊक होते. बुरुलने सासऱ्याकडे पाहिले.

“धर की,” म्हातारा म्हणाला. “चावते का ती?”

तिने हातदुर्बीण काढून ठेवली. रायफल घेतल्यावर आधी बोल्ट मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली, बोट चापापासून लांब सरळ ठेवले, आणि दस्ता खांद्याच्या खोबणीत असा बसवला की ओरोझालीचे हात क्षणभर तसेच राहिले.

“कोणी शिकवलं?”

“घरात पुरुष माणूस नाही,” म्हातारा गुरगुरला. “मी गुरांमागे गेलो की एकटीच असते. शिकवलं थोडं.”

“डोळे मिटा,” ओरोझाली तिला म्हणाला. “मान सैल. आता उघडा. कडेला काळं दिसतंय?”

“डावीकडे थोडं.”

त्याने दुर्बीण बोटभर मागे सरकवली. “आता?”

“पूर्ण गोल.”

तिथे त्याने पेन्सिलीची खूण केली. मग घसा साफ करून म्हणाला, “फुली टाकीवर आणा. काय काय दिसतंय ते सांगा.”

बुरुलने नळी हळूहळू टाकीवर आणली. स्टोव्हवरच्या किटलीचे झाकण वाजत होते.

“टाकीच्या पोटावर गंजाचा ओघळ आहे. शिडीची तिसरी पायरी मोडलीय. दोरीवर एक मोजा वाळत घातलाय. एकच.”

“आणि घोडी?” सुयुनबायने विचारले.

रायफल तिच्या खांद्यावर स्थिर होती.

“खुंटा आहे, बाबा,” ती म्हणाली.

म्हाताऱ्याने टोपी उचलली, तिचे काठ फिरवून पाहिले, पुन्हा गुडघ्यावर ठेवली. ओरोझालीने किटली उतरवली.

“सोगुमला कापली असेल,” म्हातारा म्हणाला. “मांस कसं होतं?”

“चांगलं होतं, दादा. चरबी भरपूर.”

“मला बोलावलं नाहीत ते.” तो थांबला. “लहानच बसव. ती जड घेऊन बुरुल डोंगर चढणार कशी?”

ओरोझालीने कड्यांचे स्क्रू एकाआड एक, थोडेथोडे आवळत आणले. नेम धरताना नळी टेकवायच्या म्हाताऱ्याच्या जुन्या टेकणकाठ्यांपैकी एक मोडली होती. भिंतीवर टांगलेल्या लोखंडी टेकणीकडे त्याने हात केला, तर म्हातारा म्हणाला, “ते लोखंड नको. दगडावर खणखणतं, लांडगा पळायच्या आधी हसेल.” तेव्हा ओरोझालीने कोपऱ्यातून इर्गायच्या दोन सुक्या काठ्या काढल्या. चाबकाच्या मुठी करतात ते लाकूड, न वाकणारे.

“कुठे कापू?”

म्हातारा उठला. सुनेला त्याने हातानेच खूण केली. ती जमिनीवर एक गुडघा टेकून बसली आणि रायफल खांद्याला लावली. त्याने काठी नळीखाली उभी धरली आणि अंगठ्याने चाचपून, नळी जिथे टेकली तिथे चाकूने खाच पाडली. खाच त्याच्या स्वतःच्या जुन्या काठीवरच्या खाचेपेक्षा चार बोटे खाली होती. जुनी आणि नवी काठी त्याने एकत्र धरून पाहिली आणि जुनी काठी स्टोव्हमध्ये सारली.

“परवाना?” ओरोझालीने हळूच विचारले.

“सोमवारी कचेरीत नेतो तिला. तोवर रायफल माझ्या खुंटीवर राहील.” मग आवाज चढवून, “आणि त्या एसेनकुलला सांगतो, कोट बदल म्हणावं. ओंगळ दिसतो.”

बाहेर घोडे थंडीने वाफा सोडत होते. ओरोझाली दारापर्यंत आला. येताना रायफल म्हाताऱ्याच्या पाठीवर होती. आताही त्याने सवयीने पट्ट्यात हात घातला, मग काढला, आणि तोच पट्टा सुनेच्या खांद्यावरून नीट ओढून दिला. स्वतः मात्र घोड्याजवळ नुसता उभा राहिला.

“बसा ना, बाबा,” बुरुल म्हणाली.

“शिराल्गा,” सुयुनबाय म्हणाला.

तिला आधी समजले नाही. मग तिचा चेहरा लाल झाला. “मी अजून काही मारलं नाही.”

“गावात सगळे टपलेले असतात. तू डोंगरावरून उतरशील तेव्हा मला मागे ढकलतील.” रिकिबीसाठी त्याने पाय उचलला, रिकीब पहिल्यांदा सापडली नाही, दुसऱ्यांदा सापडली. “म्हणून आधीच मागून ठेवतो. वाटा बरा दे. सासरा आहे मी तुझा.”