दहात सात

आमच्या ऐन लौझा या गावात पुढच्या वर्षीचं हवामान सप्टेंबरातच ठरतं. क्रुसाच्या सणापासून बारा दिवस आभाळ बघायचं. एकेक दिवस म्हणजे पुढचा एकेक महिना. सकाळी ढग असले तर त्या महिन्याची सुरुवात ओली, संध्याकाळी असले तर शेवट ओला. याला आम्ही बवाहीर म्हणतो. लेबनॉनच्या डोंगरात कुणीही म्हातारा हे बघतो, पण आमच्या गावात माझ्या वडिलांनी, खत्तार यांनी, एकदा सांगितलं की दुसऱ्या कुणी मान वर करायची नाही. त्यांच्या शब्दावर लोक सफरचंदं उतरवतात, लग्नाच्या तारखा धरतात. रोट्या भाजणाऱ्या वर्देच्या भट्टीतली पहिली मनूशे, म्हणजे झातरचा मसाला आणि तेल लावलेली रोटी, बोटं पोळतील इतकी गरम, ती त्यांची. रांग कितीही मोठी असो.

आणि त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे मी, नजला, गावाचं वीजघर चालवते आणि हवामान संगणकावर बघते. देवालाही थट्टा कळते म्हणायची.

वीजघर म्हणजे फार मोठं काही नाही. झऱ्याखाली बंधारा, तिथून उतारावर आलेला जाड पाइप आणि खाली दगडी खोलीत एक टर्बाइन. हिवाळ्यात पावसाचं पाणी, वसंतात वितळलेल्या बर्फाचं. सप्टेंबरात धार करंगळीएवढी होते, तेव्हा मशीन उघडून दुरुस्त करायचं, ही पूर्वापार पद्धत. पण गेल्या वर्षी नवं बेअरिंग बंदरात अडकलं आणि डिसेंबरात हातात आलं. तोवर मशीन असं कण्हायला लागलं होतं की ते पुढच्या सप्टेंबरपर्यंत टिकणार नव्हतं. महिनाभर तरी बंद ठेवणं भाग होतं. प्रश्न एवढाच, की जानेवारीत की मार्चात? भर पाण्यात मशीन बंद ठेवायचं म्हणजे वीज ओढ्यात सोडून द्यायची आणि जनरेटरला डिझेल पाजत बसायचं.

मी येत्या महिन्यांचा अंदाज काढला. उद्या छत्री घ्यावी का, हे तो सांगत नाही. येते काही महिने एकंदरीत कसे जातील, तेवढं सांगतो, आणि तेही शक्यता म्हणून. त्यात जानेवारीत पाणी चांगलं दिसत होतं. मार्चात पाणी नेहमीपेक्षा कमी असण्याची शक्यता दहात सात होती. वडिलांचं नेमकं उलट. मार्चचा त्यांचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ढगाळ गेला होता.

बैठकीत शलीता पुढे बसला होता. तो वीज समितीचा प्रमुख. सफरचंदांचं शीतगृह त्याचं, म्हणून सगळ्यांत जास्त वीज त्याला लागते आणि सगळ्यांत जास्त बोलतोही तोच.

"दहात सात म्हणजे काय गं? पाणी येणार की नाही, सरळ सांग ना."

"सरळच सांगतेय, काका. दहा वेळा अशी परिस्थिती आली, तर सात वेळा पाणी कमी असेल. तीन वेळा भरपूरही असू शकेल."

"म्हणजे कमी."

"तीन वेळा भरपूर, काका."

"हो हो, ऐकलं. कमी."

मशीन मार्चात उघडायचं ठरलं. घरी आल्यावर वडील फक्त म्हणाले, "मी गप्प बसलो म्हणजे मला पटलं असं समजू नकोस."

जानेवारी छान गेला, मशीन कण्हत का होईना पण चाललं. मार्चात आम्ही ते उघडलं, दांडा उतरवून खाली किनाऱ्यावरच्या कारखान्यात धाडला, आणि बर्फ पडायला लागलं. पडलं म्हणजे काय, दारं उघडेनात. मग कडक ऊन पडलं आणि सगळं वितळून खाली आलं. बंधाऱ्यावरून पाणी गडगडत चाललं होतं आणि माझं टर्बाइन आत फडक्यावर सुटं पडलेलं. मी रोज तो आवाज ऐकायची. शलीताचा जनरेटर दोनदा बंद पडला, शीतगृहातली सफरचंदं मऊ पडली. माझं नाव 'दहात सात' पडलं. मी भट्टीवर गेले की वर्दे विचारायची, "काय गं दहात सात, दहा मनूशे देऊ की सातच?" मी हसायची आणि घरी येऊन दार आपटायची.

चूक केली असती तर सोसलं असतं. पण तीच माहिती पुन्हा समोर आली असती, तर मी पुन्हा मार्चच निवडला असता. हे मी कुणाला सांगणार? तोंडावर पडलेल्या माणसाचा हिशेब कुणी ऐकत नाही.

पुन्हा सप्टेंबर आला. क्रुसाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी देवळासमोर शेकोटी पेटते, सगळं गाव जमतं. त्या उजेडात शलीताने हात पुढे केला.

"नजला, वीजघराची चावी दे. यंदा माझा जावई बघेल. मशीन कधी उघडायचं, डिझेल किती भरायचं, सगळं खत्तारभाऊंच्या बवाहीरवर. पुरे झाले ते आकडे."

मी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. तेवीस वर्षांची असल्यापासून ती माझ्या कमरेला होती.

"थांब," वडील म्हणाले. ते उठून शेकोटीजवळ आले. "शलीता, मी आजवर किती वेळा चुकलो?"

"तुम्ही? कधीच नाही."

"तुझ्या भावाच्या लग्नात मांडव वाहून गेला, तो दिवस कुणी काढून दिला होता?"

"तो पाऊस अवचित आला, भाऊ."

"अवचित नाही. मी कोरडा दिवस म्हणालो होतो. आणि झरा आटला त्या वर्षी मी काय म्हणालो होतो? भरपूर पाणी. तुम्ही सगळे म्हणालात, खत्तारचं खरंच होतं, फक्त पाऊस पलीकडच्या डोंगरात पडला."

कुणीतरी हसलं, पण वडील बोलतच राहिले.

"मी यंदाही बवाहीर सांगेन. पण नजलासारखं. माझ्यावर किती विश्वास ठेवायचा, तेही आधीच सांगून."

"सांगा की," वर्दे म्हणाली.

"दहात पाच."

"पाच? अहो काका, ते तर नाणं उडवल्यासारखंच झालं!"

"तेच तर सांगतोय."

मला ओरडावंसं वाटलं, बाबा, नका. त्या एका शब्दात त्यांनी आयुष्यभराचा मान जाळात टाकला होता, आणि तोही माझ्यासाठी. शेकोटीसमोर त्यांचा चेहरा लाल दिसत होता, पण आवाज अगदी साधा होता.

"पण मार्चात तुमचंच खरं झालं," शलीता अडून बसला.

"पाचांतलं एक होतं ते. पोरीने तुला डिसेंबरातच तोंडावर सांगितलं होतं, तीन वेळा पाणी भरपूर असू शकेल म्हणून. मी कधी सांगितलं असं? माझी झाकली मूठ होती, म्हणून सव्वा लाखाची."

शलीता हातातली चावी उलटीपालटी करायला लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "यंदा काय म्हणतोय तुझा अंदाज?"

"पाऊस उशिरा येईल. दहात सहा."

"घ्या! आता सहावर आली." पण चावी त्याने परत केली. "डिझेल जरा जास्तच भरून ठेवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील वीजघरावर आले. बारा दिवसांतला हा पहिला, म्हणून भिंतीवर बसून त्यांनी आभाळाकडे बघितलं.

"आता कशाला?" मी विचारलं.

"सवय. तुझा अंदाज मार्चबद्दल काय म्हणतो?"

"इतक्या लांबचं त्याला काही कळत नाही. निम्मं-निम्मं."

"मग मार्चात आपण दोघं सारखेच." ते स्वतःशीच हसले आणि कागदात गुंडाळलेली मनूशे माझ्यापुढे धरली. "तुझ्यासाठी आणलीय. रांग होती, म्हणून उशीर झाला."

माझ्या आठवणीत ते कधी रांगेत उभे राहिले नव्हते. कागद थंड लागला.

"गार झालीय गं," ते म्हणाले, जरा ओशाळून.

मी ती सगळी खाल्ली.