फिनेतामावशीची बाहुली

आमच्या गल्लीतल्या रेमीने कलेत नाव काढलं ते माझ्या पावांवर, पण हे त्याच्या एकाही माहितीपुस्तकात सापडणार नाही. वॅलेन्सियात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझी बेकरी आहे. तिथून त्याने फुकटात पाव नेले, माद्रिदच्या एका गॅलरीत काचेखाली ठेवले आणि त्यांना बुरशी येऊ दिली. टीकाकार म्हणाले, काळाविषयीचं केवढं चिंतन! माझ्या दुकानात एका पावाला बुरशी आली असती तर नगरपालिकेने टाळं ठोकलं असतं.

मग त्याने बर्फाच्या खुर्च्या वितळवल्या, वाळूच्या भिंतींवर पाणी सोडलं. दरवेळी टीव्हीवर मान वाकडी करून सांगायचा, "टिकतं ते फर्निचर. नाहीसं होतं ती कला." उचलली जीभ, लावली टाळ्याला!

गल्लीच्या मंडळाची अध्यक्ष मी. यंदा मीच त्याला म्हटलं, "एवढी हौस आहे ना नाहीसं करायची? मग मुलांसाठीची छोटी फाया तू कर."

वर्षभर ज्यांची टर उडवावीशी वाटते त्यांच्या लाकडा-कागदाच्या बाहुल्या चौकात मांडायच्या आणि मार्चमध्ये सान होसे या संताच्या दिवशी जाळायच्या, ही आमची फाया. आमच्याकडे खाटीक जळलाय, पाद्री जळलाय, मी तर कितीदा जळलेय. ज्याची बाहुली कधी जळली नाही, त्याला गल्लीत कोण विचारतो? रेमीच्या आईला, फिनेतामावशीला, ऐंशी वर्षांत हा मान मिळाला नव्हता.

रेमीने तिलाच केलं. कागदी बाल्कनीतून अर्धी बाहेर लोंबणारी, डोळे चष्म्याहून मोठे, कान टवकारलेले. खोटं कशाला बोलू, उभ्या जन्मात त्याच्या हातून झालेली ती एकच खरी वस्तू. मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "मेल्या, माझं नाक एवढं आहे होय?" मग भेटेल त्याला सांगत सुटली, "यंदा मी जळणार!"

तेवढ्यात झुरिकहून कुणी संग्राहक येऊन ती बाहुली बघून गेला. लगेच रेमी माझ्या दुकानात हजर.

"कोन्सोल, ही एवढी सोड. बाकीच्या जाळा."

"का रे? टिकतं ते फर्निचर ना?"

"तुला नाही कळायचं. ही म्युझियमला गेली तर माझं आयुष्य बदलेल."

"साऱ्या शहरातल्या मुलांच्या फायांतून लोकांच्या मतांवर एक बाहुली वाचते, तेवढीच. यंदा दुसरी निवडली गेली. आईला विचारलंस?"

"कलाकृती माझी आहे."

"आई तुझी. बाहुली गल्लीची," मी म्हटलं आणि त्याला बाहेर काढलं.

सान होसेच्या दुपारी सगळे फटाक्यांचा दणदणाट ऐकायला मोठ्या चौकात जातात. तेवढ्या वेळात गल्लीत कुत्रंही नसतं. आम्ही परतलो तेव्हा बाल्कनी जागच्या जागी होती, तिच्यातली बाहुली नव्हती.

संध्याकाळी मावशी केस बसवून, रेशमी शाल पांघरून पहिल्या रांगेत येऊन बसली होती. रेमी नवा कोट घालून आला आणि तिच्यापुढे गुडघ्यावर बसला.

"आई, मी तुला वाचवलं. आता तू झुरिकच्या म्युझियममध्ये राहशील. कायमची!"

मावशीने रिकाम्या बाल्कनीकडे पाहिलं. "तिथं मला ओळखणारं कोण आहे रे?"

रेमी कोटावरची धूळ झटकत उठला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण मावशीच उठली. शाल काढून तिने त्या कागदी बाल्कनीच्या कठड्यावर टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पेटवा आता."

वात पेटली. बाल्कनीने पेट घेतला, मग शालीने. सगळी गल्ली मावशीच्या नावाने ओरडत होती, मावशी मात्र आगीकडे बघत उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. तिला धरायला मी पुढे झाले.

रेमीने मोबाइल काढला होता. "कोन्सोल, तू बाजूला हो," तो म्हणाला. "आई, जरा डावीकडे सरक."