पुढचं दाखवा

लेझरचा लाल ठिपका छोटीच्या गालावर होता. तिथून तो सरकत उघड्या ओठावर आला, हनुवटीवर थरथरला आणि पुन्हा गालावर जाऊन बसला — सभागृहात बसून बघणाऱ्या तिने माशी हाकलावी तसा हात नकळत स्वतःच्याच तोंडासमोरून फिरवला. पडद्यावरची छोटी मात्र हलणार नव्हती. छोटी म्हणजे यंदाच लागलेली शिक्षिका. शाळेत सगळे तिला छोटीच म्हणत. तिला नेमकं अशा क्षणी थांबवलं होतं की डोळे अर्धे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. असं थांबवलं तर कुणीही बावळटच दिसेल.

“काय दिसतंय आपल्याला?” प्रशिक्षकाने मधाळ आवाजात विचारलं. सकाळपासून तिने मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं. “बाई प्रश्न विचारतात आणि नुसत्या उभ्या राहतात. मुलं गप्प, बाई गप्प! प्रत्येकाने एकेक चूक पिवळ्या चिठ्ठीवर लिहा आणि भिंतीवर चिकटवा.”

सभागृह हसलं. हसणारे सगळे तिच्यासारखेच — नव्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, तास पाहायचा, मग चहा घेत त्याच्याशी बोलायचं, त्याला धीर द्यायचा, हे ज्यांचं काम. आधार देणारी माणसं म्हणे! त्यांनाच आज आधार कसा द्यायचा ते शिकवत होते. शेजारची तर लिहून मोकळीही झाली होती — ‘तयारी नाही’. तयारी नाही? अगं, तो एक प्रश्न तिने माझ्याकडून तीनतीनदा तपासून घेतला होता, तू काय सांगतेस...

क्लिप तिनेच दिली होती, मागच्या बाकावरून स्वतःच्या मोबाइलवर काढलेली. ‘मॅडम, तुमच्याकडे काहीतरी छान असेलच,’ असं गोडबोल्या फोनवर म्हणाला आणि ती फुलून गेली. ‘चांगला तास म्हणून दाखवणार आहेत गं,’ असं तिने सांगितल्यावर छोटी लाजून हो म्हणाली होती. प्रश्न विचारून थांबणं किती अवघड असतं ते या लोकांना दिसू दे, एवढंच तिला वाटलं होतं. शिक्षक थांबत नाहीत. दोन श्वासांत स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. छोटी थांबली होती. आणि म्हणूनच तर खिडकीजवळची ती मुलगी, वर्षभर तोंडातून शब्द न काढलेली, बोलली होती — मी तिथे होते, माझ्या अंगावर काटा आला होता. ते सगळं पुढे होतं, आणि या शहाण्याने त्याच्या अलीकडेच बोट दाबून क्लिप थांबवली होती.

पहिल्या रांगेत साहेब बसले होते. छोटीला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे याच महिन्यात त्यांच्या सहीने ठरणार होतं. साहेबही हसत होते.

‘आज तरी तोंड उघडू नकोस,’ नवरा सकाळी बुटाची नाडी बांधताना म्हणाला होता. ‘दर वेळी तुझ्याच अंगात येतं.’ येतं! येऊ दे. घरी गप्प, सासूबाईंसमोर गप्प, दर वर्षी नवा गोडबोल्या येऊन नवे शब्द शिकवून जातो तेव्हा गप्प... कानशिलं तापली, हातातली चिठ्ठी चुरगळली, आणि ती उठली तेव्हा खुर्ची मागे आपटली.

“पुढचं दाखवा.”

“मॅडम, वेळेचं जरा —”

“चुलीत गेला तुमचा वेळ. अर्धंच दाखवून एखादीचं हसं काय करता? ती गोंधळलेली नाहीये, ती थांबलीये. पुढचं दाखवा, मग हसा.”

“दाखवा हो,” साहेब म्हणाले. “बाई एवढं म्हणतायत तर.”

छोटी हलली. डोळे उघडले, तोंड मिटलं, बावळटपणा कुठल्या कुठे गेला. वर्गातली शांतता सभागृहातही पसरली. बघा. बघा आता, खिडकीजवळ... मुलीचा हात बाकावरून उचलला गेला, ओठ विलग झाले —

“च्च.”

मोठा, कोरडा आवाज. मोबाइलच्या अगदी जवळून आलेला. छोटीने दचकून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, घाईघाईने वळली आणि “तर याचं उत्तर...” म्हणत फळ्यावर लिहू लागली. मुलीचा हात खाली गेला. क्लिप संपली.

मग ती मुलगी बोलली ते कधी? दुसऱ्या दिवशी? दुसऱ्याच कुणाच्या वर्गात? काटा आला होता ना माझ्या अंगावर... की यायला हवा होता, म्हणून...

“बघितलंत?” गोडबोल्या हळुवारपणे म्हणाला. “शेवटी उत्तर बाईंनीच सांगितलं.” साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तो आवाज कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही. कुणाला तो ऐकूच आला नसावा. मागच्या बाकावरचा रोजचाच आवाज.

“बोला बाई,” साहेब म्हणाले, “काय दाखवायचं होतं तुम्हाला?”

राग कमी झाला नव्हता. उलट वाढतच होता, पण तो गोडबोल्यावर ठरेना, साहेबांवरही ठरेना... सगळे माना वळवून तिच्याकडे पाहत होते आणि तिला मात्र कोऱ्या पडद्यावर ती एकच नजर दिसत होती, दचकलेली, माफी मागणारी. छोटी वर्गाला घाबरली नव्हती. छोटी मला घाबरली होती.