परतीचा दोरा

टेबलावरच्या कापडी पट्टीवर चोवीस लाल टाके होते आणि प्रत्येक टाक्यापुढे एक, अशा चोवीस रिकाम्या जागा. भाचीने ते पुन्हा एकदा मोजले. एकदा मोजून विश्वास ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. डोळ्यांच्या दवाखान्यात ती नजर तपासायचं काम करायची. आत्या तिला लाडाने ‘फूटपट्टी’ म्हणायची.

“बाबा, जरा इकडे या,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “आत्याला नीट दिसत नाहीये. एक सोडून एक टाका गाळलाय तिने.”

बाबांनी पट्टी लांब धरली, मग जवळ धरली. “अरे देवा! आणि ही शनिवारी वाचनालयात भरतकाम शिकवणार? आठजणींनी नावं दिलीत.”

तेवढ्यात आत्या हात पुसत बाहेर आली. “काय खलबतं चाललीत बापलेकीची?”

“ताई, आता बास कर हे सुईदोऱ्याचं. डोळ्यांवर ताण येतोय तुझ्या.”

“माझ्या? मला कसं नाही कळलं ते?”

भाचीने पट्टी पुढे केली. आत्या खळखळून हसली. “अगं फूटपट्टे, ही कसुती आहे, कर्नाटकी भरतकाम. परतीचा दोरा बाकी आहे अजून.”

“आत्या, मी हे रोज बघते गं. दवाखान्यात प्रत्येकजण काहीतरी कारण सांगतो. अक्षर बारीक आहे, दिवा मंद आहे, चष्मा पुसलेला नाही. दिसत नसेल तर त्यात लाजायचं काय?”

आत्याचं हसू मावळलं. “म्हणजे मी थापा मारतेय?”

“तसं नाही गं, पण...”

बाबांनी सुईदोऱ्याचा डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, तिचा हात पोचणार नाही अशा जागी. भाचीने वाचनालयातल्या बाईंना फोन लावला. “आत्याची तब्येत हल्ली बरी नसते. वर्ग रद्द करा.” हे सांगताना आपण किती मायेने वागतोय, असंच तिला वाटत होतं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकीसाठी आत्याने एक कापडी पट्टी दुमडून, कडा शिवून ठेवली होती. त्या आठही पट्ट्या आत्याने निमूटपणे पिशवीत घातल्या.

दोन दिवसांनी भाची तिला आपल्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी निवांत तपासणी केली आणि खुर्ची मागे सरकवली.

“ठणठणीत आहेत डोळे. सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली यांनी.”

“पण मॅडम, हे बघा ना.” भाचीने पर्समधून ती पट्टी पुरावा म्हणून काढली.

“यांना विचारलंस?”

“हो. म्हणाली, परतीचा दोरा बाकी आहे.”

“म्हणजे काय?”

ते भाचीने विचारलंच नव्हतं.

“पेशंट म्हणाला, मला खालची ओळ दिसते, तर तू काय करतेस?”

“वाचून दाखवा म्हणते.”

“मग यांना का नाही म्हणालीस, करून दाखवा? घरातली बाई वर्षानुवर्षं एखादं काम करते आणि आपण त्याला विरंगुळा म्हणून मोकळे होतो. विरंगुळा म्हटलं, की त्यात आपल्याला न कळणारं काही असेल हे डोक्यातच येत नाही. त्यातून तिचं वय झालं असेल तर बघायलाच नको! ती बोलते ती सबब आणि आपण बोलतो ते निदान!”

आत्या खाकरली. “डबा जप्त झाला असला, तरी एक सुई माझ्या पर्समध्ये असतेच.”

पहिल्याच झटक्यात तिने दोरा ओवला. सुई पट्टीच्या शेवटाकडून उलटी निघाली आणि एकेका रिकाम्या जागेत लाल टाका येऊन बसू लागला. जाताना सोडलेली जागा येताना भरायची. ना खाली आखलेली रेघ, ना कुठे गाठ. शेवटची जागा भरल्यावर आत्याने पट्टी उलटी करून भाचीच्या हातात दिली. मागेही तीच सलग रेघ! सुलट कुठली, उलट कुठली, काही कळेना!

भाचीचे कान तापले. त्या दिवशी पट्टी नुसती उलटली असती, तर ‘गाळलेले’ चोवीसही टाके मागच्या बाजूला दिसले असते! मोजणारी म्हणून मिरवणारी ती, अर्धंच कापड मोजून बसली होती!

“आत्या, चुकलं माझं.”

“डोळे तपासून घेतलेस ते बरंच केलंस,” आत्या सुई ठेवत म्हणाली. “पण मी सांगत होते ना, तेव्हा तू माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतीस. पट्टीकडे बघत होतीस.”

याहून ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘आत्या आता बरी आहे,’ असा फोन केला असता तर सगळं झाकलं गेलं असतं. पण ते आणखी एक खोटं झालं असतं. तिने वाचनालयातल्या बाईंना सगळ्यांना पुन्हा बोलवायला सांगितलं, कारण मात्र समोरासमोरच सांगेन म्हणाली. शनिवारी भाची स्वतः आत्याला घेऊन वाचनालयात गेली आणि जमलेल्या बायकांसमोर उभी राहिली. “तब्येतीचं मी सांगितलं होतं. आत्याला काही झालेलं नाही. तिचं काम मला कळलं नाही, म्हणून मी तिलाच दिसत नाही असं ठरवलं.”

“म्हणजे तपासायला तुमचेच डोळे हवे होते की!” एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. भाची मान खाली घालून ते ऐकत राहिली. आठपैकी पाचचजणी आल्या होत्या. तिघींनी तो वेळ दुसरीकडे दिला होता, आणि तो आता परत मिळणार नव्हता.

डबा बाबांनी स्वतः उचलून आणला होता. आत्याने पट्ट्या वाटल्या. “आधी कसुती. मग लखनौचं चिकनकाम, त्यात मागून घातलेल्या टाक्याची पुढे सावली पडते. मग पंजाबची फुलकारी, ती तर भरायचीच उलट्या बाजूने. तेव्हा मागची बाजू बघायची सवय आत्तापासून लावून घ्या.” उरलेल्या तीन पट्ट्यांतली एक तिने भाचीपुढे सरकवली.

आपल्याही घरात असं कोणीतरी असतं. कोणी शिवतं, कोणी विणतं, कोणी भरतं. त्यांच्या कामातली चूक काढण्याआधी ते काम काय आहे हे त्यांनाच विचारावं, आणि उत्तर मिळेल तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून ते पूर्ण ऐकावं. काळजी घेण्याची सुरुवात तिथून व्हायला हवी.

वर्ग संपताना आत्याने भाचीची पट्टी दोन्ही बाजूंनी पाहिली. परतीच्या दोऱ्याने चोवीसपैकी सतरा जागा भरल्या होत्या.