चैनलालच्या तोंडात न मावलेला आरसा

मी आरसा बोलतोय. पण केस विंचरायचा नव्हे, मिशा कोरायचाही नव्हे. मी दातांच्या डॉक्टरांचा आरसा. रुपयाच्या नाण्याएवढा माझा चेहरा आणि त्याला वीतभर स्टीलचा दांडा. माझ्यात कुणी स्वतःला पाहत नाही. माणूस आ करतो, मी आत जातो आणि बघतं ते तिसरंच कुणीतरी. त्यामुळे माणसांविषयीचं माझं मत जरा आतल्या बाजूने बनलेलं आहे.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नागपुरात दातांच्या कॉलेजसमोर एक दुकान आहे, तिथून लोकेशने मला घेतलं. तो सौंदडचा, भाताच्या मुलखातला. घराण्यात पहिलाच डॉक्टर होऊ घातलेला. पोरांचे आरसे एकमेकांत मिसळतात म्हणून त्याने सुईने माझ्या दांड्यावर ‘लो’ असं कोरलं. मला ते टोचलं, पण आपण कुणाचे तरी आहोत हे कळलं.

तेव्हापासून मी शेकडो तोंडं पाहिली. बहुतेक माणसं तोंड उघडताना डोळे मिटतात, जणू दिसणार त्यांनाच आहे. बायका आधी पदर तोंडाला लावतात, मग लाजत काढतात. दुखणं कितीही असलं तरी सगळे ‘थोडंसं दुखते’ म्हणतात. मी कुणाला नावं ठेवत नाही. दोन तोंडांच्या मध्ये मला कुकरसारख्या डब्यात वाफेवर ठेवतात. तिथून बाहेर पडलो की मागचं तोंड विसरायचं, असा माझा धर्म आहे.

एक तोंड मात्र विसरलो नाही, कारण त्यात मला जाताच आलं नाही.

शेवटच्या वर्षी पोरांना गावोगाव शिबिरांना नेतात. आषाढात आमची गाडी कोहमाऱ्याहून वळून इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या एका गावी आली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात रोग्यांसाठी घडीच्या दोन खुर्च्या मांडल्या. एकीपाशी लोकेश, दुसरीपाशी त्याची वर्गमैत्रीण स्नेहल. जवळचा दातांचा दवाखाना तासाभराच्या वाटेवर, त्यामुळे रांग दारापर्यंत होती. लोकेश त्याच भागातला, तिथल्या बोलीत बोलायचा म्हणून म्हातारी माणसं त्याच्याच खुर्चीपुढे थांबत.

दुपारी राजकुमारी नावाची बाई आली. तिची दाढ दुखत होती. खुर्चीवर बसता बसता ती थांबली आणि मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट करून म्हणाली, “माही दाढ राहू द्या जी. आधी यायले पाहा. भाताचा घास लहान लहान करून खाऊन राहिले. रस्सा तं तोंडाले लावतच नाही.”

नवरा म्हणजे चैनलाल. गावातला ट्रॅक्टरवाला. तो म्हणाला, “मले काही नाही झालं. मी हिले सोडाले आलो.”

“बसा तर खरं,” लोकेश म्हणाला.

चैनलाल बसला. लोकेशने मला त्याच्या ओठांशी नेलं. तोंड उघडलं, पण दार किलकिलं करून कुणी बाहेर बघावं तितकंच. मी आडवा शिरलो तर अडलो, तिरका शिरलो तर दाताला लागलो. फटीतून मला एवढंच दिसलं, की गालाची आतली बाजू जुन्या कातड्यासारखी पांढरट आणि ताठ झाली होती आणि तिच्यावर एक लाल जखम होती.

“कधीपासून हाये ही जखम?”

“होळीपासून,” उत्तर राजकुमारीने दिलं.

हे सगळं खर्ऱ्याचं काम. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. तिकडे कुणी घरी आलं तर चहाच्या आधी खर्ऱ्याची पुडी पुढे येते. नाही म्हणणाऱ्याला लोक शिष्ट समजतात. खाणाऱ्याचे गाल हळूहळू आवळत जातात आणि एक दिवस तोंडच मिटायला लागतं.

लोकेशने त्याला नीट समजावलं. ही जखम साधी वाटत नाही, नागपूरला येऊन तिचा तुकडा तपासायला हवा, आणि याच आठवड्यात हवा.

“पानी सुटला हाये कालव्याले,” चैनलाल म्हणाला. “साऱ्या गावाच्या बांध्यायचा चिखल माह्याच ट्रॅक्टरनं होते. भाताची रोवणी झाली का येतो.”

“तवरीक उशीर होईल.”

“तोंड तं उघडते ना जी? मंग?”

लोकेशचं इथेच चुकलं. पोरांना शिकवलेलं असतं, की रोग्याला आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगायची. तिन्ही गेली तर तोंड ठीक. चैनलालला ते कळेना. तेव्हा लोकेशने तोंडावरचा मास्क खाली ओढला, हातमोजा काढला आणि “हे पाहा, असं” म्हणत स्वतःचीच बोटं तोंडात घातली.

दोन गेली. तिसरं दातांना अडलं.

चैनलालने पुढे वाकून त्याच्या दातांकडे पाहिलं, तांबूस डाग पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “डॉक्टर, तुमचे बी दोनच गेले.”

वर्गातल्या पोरांना हे ठाऊक होतं. अभ्यासाच्या रात्रींसाठी लोकेशने खर्ऱ्याची पुडी धरली आणि ती सुटली नव्हती. दुसऱ्यांची तोंडं तो रोज मापायचा, स्वतःचं मापायचं मात्र टाळायचा. त्याच्या एप्रनच्या खिशात मी आणि पुडी कितीदा शेजारी शेजारी असायचो. मी कधी काही बोललो नाही. माझं काम दाखवण्याचं आहे.

“तुमी तं दातायच्या दवाखान्यातच राहता,” चैनलाल पुढे म्हणाला. “तुमी काऊन नाही दाखवलं?”

लोकेशने मला स्नेहलच्या हातात दिलं. “याला वाफेवर टाक,” तो म्हणाला, “आणि मग मला बघ.”

मी वाफेत होतो तोवर बाहेर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाहेर आलो तेव्हा लोकेश रोग्याच्या खुर्चीवर होता. चैनलाल गेला नव्हता. रांगेतली माणसंही जवळ सरकली होती.

अशा रीतीने मी पहिल्यांदा माझ्या मालकाच्या तोंडात गेलो. दांडा घासला गेला, पण शिरलो. दोन्ही गालांवर पांढरे पट्टे होते. जखम नव्हती. मला वाईट वाटलं. आरशाला वाटून काही उपयोग नसतो, तरी वाटलं. लोकेशने डोळे मिटले होते.

“दोन्ही बाजूंनी सुरुवात झालीय,” स्नेहल मोठ्याने म्हणाली.

लोकेश उठला. खिशातली पुडी काढून त्याने राजकुमारीच्या हातावर ठेवली, चैनलालच्या नाही. “शुक्रवारी माहाही तुकडा काढतील, यांचाही,” तो म्हणाला. “मी वाट पाहतो.”

राजकुमारीने ती पुडी पदराच्या गाठीत बांधली. “ट्रॅक्टर शेजारचा इंद्रकुमारभाऊ चालवन,” ती नवऱ्याला म्हणाली. “आता चला घरी.” स्वतःच्या दाढेचं ती विसरूनच गेली. ती दाढ मग गाडी निघता निघता स्नेहलने काढली.

शुक्रवारी चैनलाल नागपूरला आला. तुकड्याचा निकाल लागला, तेव्हा कॅन्सर झालेला नव्हता. होण्याच्या वाटेवर होता. डॉक्टरांनी तेवढा भाग कापून काढला. थांबला असता रोवणीपर्यंत, तर काय झालं असतं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून सांगत नाही. लोकेशचा निकाल साधा निघाला, पण आवळलेला गाल साधा नसतो.

दोघांना एकच व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. रविवारी दोघं फोनवर एकमेकांच्या काड्या विचारायचे. तोंड पूर्वीसारखं होणार नाही हे दोघांनाही सांगितलेलं होतं.

वाफ खाऊन खाऊन माझ्यावर डाग पडले, ओरखडे आले. कॉलेजच्या कामाचा मी राहिलो नाही. शिक्षण संपलं तेव्हा लोकेश त्या गावी आला आणि त्याने मला राजकुमारीच्या हाती दिलं. आता मी तिच्या स्वयंपाकघरात चमच्यांशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. रविवारी ती मला पाण्यात उकळते, नवऱ्याला अंगणातल्या बाजेवर बसवते आणि टॉर्च धरून म्हणते, “आ करा.” कितीतरी रविवार मी दातांशीच थांबून परत आलो.

गेल्या रविवारी मी आत गेलो. घासत, तिरका, पण गेलो. जखमेच्या जागी टाक्यांचा वण होता, बाकी काही नव्हतं. राजकुमारीने दोनदा पाहिलं आणि फोन लावला.

“डॉक्टर, आरसा गेला जी आत.”

पलीकडून लोकेशने वण कसा दिसतो ते विचारून घेतलं.

“तुमचं काय?” तिने विचारलं.

“तिसरं बोट अडतेच अजून.”

“मंग काड्या सोडू नका,” ती म्हणाली आणि मला पुन्हा खिळ्याला लावायला उठली.

मी आता इथेच राहीन, असं दिसतं. तुमच्या घरी यायला मला जमणार नाही. पण इथवर ऐकलंत, तर जाण्याआधी एवढं करा: तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घालून पाहा. त्याला आरसा लागत नाही.